दिवाळीआधी गिलावा नको : पुरानंतर महिला केंद्र पुन्हा चालू करताना

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. नाशिकमध्ये नासर्डी नदीच्या काठच्या वस्तीत तुमच्या महिला मंडळाचं केंद्र आहे. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं मोरी आणि संडास. सकाळी पाळणाघर, दुपारी तीन ते पाच शिवणवर्ग, आठवड्यातून एकदा बचत गटांची बैठक, शनिवारी समुपदेशन. यंदाच्या पुरात आत चार फूट पाणी शिरलं आणि रात्रभर राहिलं. तीन आठवडे झाले, दाराला कुलूप आहे. एक पुढारी म्हणतात, ही जागा सोडून द्या, मुख्य रस्त्याच्या पलीकडं दुमजली सभागृह बांधून देतो. त्यावरून समितीत दोन तट पडलेत. दुरुस्ती करावी की नवीन बांधावं, पैसा कुठून आणावा आणि सुरुवात कशापासून करावी, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि त्यालाच उशीर होतोय. सुरुवात उद्या दुपारी तीन वाजता करा. जागा कुठलीही चालेल. कुणाचा ओटा, देवळाची पायरी, शाळेचा व्हरांडा. सतरंजी टाका, हजेरीचं रजिस्टर उघडा आणि पाच वाजेपर्यंत बसा. काम झालं नाही तरी चालेल.

हे मी अनुभवातून सांगतेय आणि तो अनुभव फजितीचा आहे. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा पंचवटीच्या बाजूच्या एका केंद्राची दुरुस्ती माझ्याकडं होती. मी मूळची स्थापत्य पदविकावाली, त्यामुळं माझं सगळं लक्ष भिंतींकडं. सात महिने घेतले. काम चोख केलं. नवी फरशी, नवे पंखे, रंग. उद्घाटनाला गर्दी झाली, पेढे वाटले. दुसऱ्या सोमवारी शिवणवर्गाला बावीसपैकी सहाजणी आल्या. बाकीच्या गेल्या कुठं म्हणून आम्ही घरोघर फिरलो. एका घरात सून आतून बघत होती आणि सासू दारात उभी. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सात महिने जात नव्हती, तेव्हा काय अडलं होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. त्या पोरीनं तीन ते पाच ही वेळ घरातून कशी मिळवली असेल ते तुम्हाला माहीतच आहे. स्वयंपाक लवकर उरकून, नळाची वेळ सांभाळून, धाकट्या नणंदेला गळ घालून. दोन वर्षांत ती वेळ घराच्या अंगवळणी पडली होती. केंद्राला कुलूप लागलं आणि घरानं ती वेळ परत घेतली. इमारत सात महिन्यांत झाली, ती वेळ परत मिळायला पुढं दोन वर्षं लागली, आणि काहीजणींना ती मिळालीच नाही.

म्हणून २ ऑगस्ट २०१६ च्या पुरानंतर दुसऱ्या एका वस्तीत आम्ही चौथ्या दिवशी पारावर बसलो. एक पायाचं मशीन, एक रजिस्टर, चहाचा थर्मास. पहिला आठवडा निव्वळ फाटक्या गोधड्या नि उशांचे अभ्रे शिवण्यात गेला. कुणाच्या घरात किती पाणी आलं, कुणाचा पंचनामा राहिला, रेशनकार्ड वाहून गेलं तर दुय्यम प्रत कुठं मिळते, अशाच गप्पा. त्यातूनच वस्तीची नुकसानीची यादी तयार झाली, आणि ती तलाठ्याच्या यादीपेक्षा नेमकी निघाली. इमारतीला पाच महिने लागले, पण हजेरी कमी झाली नाही. उलट भाड्यानं राहणाऱ्या तीन नव्या बायका आल्या. पूर्वी 'ते मंडळवाल्यांचं आहे' म्हणून त्या केंद्रात पाऊल टाकत नसत. पारावर कुणाची परवानगी लागते?

आता इमारत. तीन आठवड्यांत गाळ तुम्ही काढला असेल असं धरते. नसेल, तर तो आता दगड झालाय. पाणी मारून भिजवल्याशिवाय फावडं लागणार नाही. गाळ ओला असतानाच घमेल्यानं बाहेर काढायचा असतो आणि काढताना पायात गमबूट हवेत. पुराच्या चिखलात उंदरांची लघवी मिसळलेली असते, उघड्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस होतो. कुणाला ताप, अंगदुखी, डोळे लाल अशी लक्षणं असतील तर पुराच्या पाण्यात काम केलंय हे डॉक्टरांना आपणहून सांगायला सांगा.

भिंतींच्या बाबतीत माझा एकच हट्ट आहे आणि त्यावरून मी आजवर बऱ्याच ठेकेदारांशी भांडले. दिवाळीआधी गिलावा नको. विटेची भिंत स्पंजासारखी पाणी पिते आणि ते वर चढतं. तुमच्याकडं चार फूट पाणी होतं, म्हणजे ओल पाच-साडेपाच फुटांपर्यंत गेली असणार. तिथपर्यंतचा जुना गिलावा आतून-बाहेरून खरवडून काढा आणि विटा उघड्या सोडा. दारं-खिडक्या दिवसभर उघड्या. भिंत एका बाजूनं महिन्याला साधारण इंचभर वाळते असा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. नऊ इंची भिंतीला दोन्हीकडून वारा मिळाला तरी चार-पाच महिने लागतात. नाशिकची थंडी कोरडी असते, ती या कामाला फार उपयोगी पडते. ठेकेदार म्हणेल, "ताई, वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारतो, आठ दिवसांत रंग देतो." मारू देऊ नका. ओल आत कोंडते, पुढच्या पावसाळ्याआधी लोणा, म्हणजे पांढरा क्षार, वर येतो आणि रंगाचे पापुद्रे पाळणाघरातली पोरं तोंडात घालतात.

भिंत वाळली की नाही ते ओळखायची सोपी युक्ती सांगते. जाड प्लास्टिकचा फूटभर चौकोन घ्या, चारही कडा चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट बसवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम दिसला तर भिंत ओली. हा चौकोन खालच्या फुटात लावा, डोळ्यासमोरच्या उंचीवर नाही. वरची भिंत नेहमीच आधी वाळते आणि फसवते. मधल्या काळात उघड्या विटांवर चुन्याची सफेदी चालते, चुन्यातून भिंत श्वास घेते. ऑइल पेंट मात्र नकोच.

उघड्या विटांच्या खोलीत वर्ग भरवायला लाज वाटून घेऊ नका. बायकांना चालतं. लाज पाहुण्यांपुढं वाटते, आणि पाहुणे वर्षातून दोनदा येतात.

दुसरी गोष्ट पायाची. तुमच्याकडं काळी माती असेल तर ती पुरात फुगते आणि हिवाळा-उन्हाळ्यात आकसते. त्यामुळं आज न दिसणारी भेग फेब्रुवारीत दिसते, बहुधा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली. भेग दिसली की घाबरून लगेच बुजवू नका. काचेची एक पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवा, दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका द्या आणि शेजारी तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून हलतेय, तेव्हा संरचना अभियंत्याला बोलवा. काच शाबूत राहिली तर ती भेग गवंड्याचं काम आहे. एका केंद्रात ही काच पाळणाघरातल्या मुलांच्या हाताला लागेल इतकी खाली लावली होती. आठवड्यात तडकली आणि आम्ही उगाच अभियंत्याची फी भरली. उंचावर लावा.

विजेचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. भिंतीतल्या पाइपात पाणी आठवडेच्या आठवडे राहतं, बाहेरून बोर्ड कोरडा दिसला तरी. नवीन वायरिंग वरून खाली आणा, बोर्ड पाच फुटांच्या वर ठेवा, अर्थिंग तपासून घ्या आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवा. यात काटकसर करायची नसते.

संडास मात्र सगळ्यात आधी. इमारतीच्या दुरुस्तीतलं पहिलं पूर्ण झालेलं काम संडासाचं असलं पाहिजे, आतून कडी लागणारं दार आणि पाणी यांच्यासकट. फरशी नसली तर बाई सतरंजीवर बसते. संडास नसला तर ती तासाभरात घरी जाते आणि कारण सांगत नाही. नाशिकच्या पुरात नदी दारातून यायच्या आधी गटाराचं पाणी संडासातून नि मोरीतून वर येतं. सराफ बाजार, दहीपूल भागातल्या दुकानदारांना विचारा, ते दर पावसाळ्यात हे बघतात. तेव्हा बाहेरच्या चेंबरला उलटं पाणी रोखणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. टाकी घासून, टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) पाण्यानं धुऊन घ्या आणि पिण्याच्या पाण्याची तपासणी करून घ्या. आरोग्य विभागाकडं एच टू एस ची बाटली असते, पाणी भरून ठेवायचं, काळं पडलं तर दूषित. ही तपासणी झाल्याशिवाय पाळणाघर सुरू करू नका. पाळणाघर शेवटी उघडायचं, हे आईबापांना आवडणार नाही. तोवर वस्तीतल्याच एक-दोन कोरड्या घरांत पाच-पाच मुलं वाटून ठेवता येतात का ते बघा आणि सांभाळणाऱ्या ताईंचं मानधन चालू ठेवा. मानधन थांबलं की ती बाई धुण्याभांड्याची कामं धरते, आणि मग परत येत नाही.

कागदांबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, "रजिस्टरं भिजली." मला तीच ओळ सगळ्यात गंभीर वाटली. बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल : बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. यातला हिशेब भिजला की बाकीच्या चारांवरचा विश्वास महिनाभरात उडतो. कुणाचे साडेचार हजार बाकी होते आणि कुणाचे अडीच, यावरून सख्ख्या जावा बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्यात. भिजलेली वही पिळू नका, पानं ओढून सुटी करू नका, उन्हात टाकू नका. सावलीत, वाऱ्याला, पानापानांत न छापलेल्या वर्तमानपत्री कागदाचे तुकडे घालून ठेवा आणि ते तुकडे दिवसातून दोनदा बदला. तीन आठवड्यांनी बुरशी आली असेल तर तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशनं कोरडीच झाडा. जे वाचता येतं त्याचे मोबाइलवर फोटो काढा. जे येत नाही ते भर बैठकीत, सगळ्यांसमोर, बँकेचा खातेउतारा नि सदस्यांची पासबुकं पुढ्यात ठेवून पुन्हा लिहा आणि प्रत्येक ओळीवर त्या सदस्येची सही किंवा अंगठा घ्या. अध्यक्ष-सचिवांनी घरी बसून 'आठवेल तसं' लिहिलेली वही कितीही खरी असली तरी कुणी खरी मानत नाही.

समुपदेशनाच्या फायली वेगळ्या. एका केंद्रात कार्यकर्तींनी मोठ्या मायेनं त्या फायली गच्चीवर वाळत घातल्या होत्या, प्रत्येक पानावर एक खडा ठेवून. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत होते. पापड राखायला बसलेल्या मुलानं दोन नावं वाचली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं. त्या दोघींपैकी एक पुन्हा कधी केंद्राकडं फिरकली नाही. या फायली बंद खोलीत, पालथ्या, फक्त समुपदेशकाच्या हातानं वाळवायच्या. वाचण्याजोग्या नसतील तर समितीसमोर नोंद करून फाडून, भिजवून लगदा करा.

समुपदेशन थांबवू नका, हेही लगेच सांगते. पूर ओसरल्यावर घराघरांत जे होतं ते पंचनाम्यात येत नाही. काम बुडालेलं, मदतीचे पैसे नवऱ्याच्या खात्यावर, दारू, आणि एका खोलीत सात माणसं. मारहाण वाढते आणि सांगायला आडोसा नसतो. पारावर सगळं होतं, हे होत नाही. दोन खुर्च्या आणि एक पडदा मावेल एवढी जागा कुणाच्या तरी घरात मागून घ्या, शक्यतो शिवणकाम करणाऱ्या बाईच्या. ब्लाऊजचं माप द्यायला गेले, एवढं कारण घरी सांगता येतं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक रजिस्टरच्या आतल्या पानावर लिहून ठेवा, भिंतीवर नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आपल्या भागाचा अधिकारी कोण, हे पुराआधी माहीत असायला हवं होतं. आता तरी करून घ्या.

आता त्या दुमजली सभागृहाकडं येते. माझं मत विचारलंत म्हणून सांगते : लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. तीन गोष्टी तपासा.

एक, अंतर. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर मी शिकाऊ म्हणून लातूर भागात होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटताना तो भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सरळ रेषेतली घरं, एखाद्या शहरातल्या वसाहतीसारखी आखणी. नकाशावर सुरेख. पण जुन्या गावात एका बोळात राहणाऱ्या बायकांची घरं इतकी पांगली की साधं विरजण मागायला जायचं तर डोक्यावर पदर घेऊन चौक ओलांडावा लागे. जिथं घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती, त्या गावांत महिला मंडळांतल्या बायकाच संवाद सहाय्यक म्हणून काम करत होत्या. लोखंडी सळई कुठं घालायची, सिमेंट किती भिजवायचं, हे त्या गवंड्याला विचारत. मी पदविका घेतलेली, त्यांच्याकडून शिकले. तेव्हापासून कुणी नवी जागा दाखवली की मी आधी चालून बघते. तुम्हीही समितीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या सदस्येला आणि कडेवर पोर असलेल्या एका बाईला घेऊन दुपारी तीन वाजता त्या जागेपर्यंत चाला आणि हिवाळ्यात पाच वाजता परत या. मुख्य रस्ता ओलांडताना किती वेळ थांबावं लागतं ते मोजा. वाटेत दारूचं दुकान आहे का, पोरांचा अड्डा आहे का ते बघा. निर्णय तिथंच होतो.

दोन, पूररेषा. नाशिकला गोदावरी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या निळ्या-लाल पूररेषा आखल्यात. पंचवीस वर्षांतून एकदा येण्याजोगा पूर निळ्या रेषेपर्यंत, शंभर वर्षांतून एकदा येण्याजोगा लाल रेषेपर्यंत, असं ते गणित. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणं निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होत नाही. आधीचं अधिकृत बांधकाम पुन्हा बांधायचं तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान ०.४५ मीटर वर घ्यावी लागते आणि पाटबंधारे खात्याचं ना हरकत पत्र लागतं. तुमचं केंद्र कुठल्या रेषेत येतं हे नगररचना विभागातून लेखी घ्या, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. ते निळ्या रेषेच्या आत असेल आणि मूळ बांधकामाची परवानगीच नसेल, तर 'पाडून नवीन बांधू' हा पर्याय खरं तर तुमच्याकडं नाहीच. जुनं पाडलंत की परत काही उभं राहणार नाही. तेव्हा दुरुस्ती, आणि सोबत वरच्या बाजूला भाड्याची एक खोली, असा मार्ग निघतो. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू असताना नदीकाठच्या जागांवर सगळ्यांचीच नजर आहे, हेही ध्यानात असू द्या.

तीन, मालकी. सभागृह लोकप्रतिनिधीच्या निधीतून बांधलं तर ते तुमचं होत नाही, ते महापालिकेचं किंवा शासनाचं राहतं. त्यात गैर काही नाही, पण वापराचा करार लेखी हवा : कोणत्या वेळा तुमच्या, वीजबिल कुणाचं, किल्ली कुणाकडं. किल्लीचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. मी ज्यांच्यासाठी काम केलं त्या एका मंडळाला असंच छान सभागृह मिळालं. पहिल्या वर्षी लग्नसराईत ते चौदा दिवस दुसऱ्यांना दिलं गेलं. शिवणयंत्रं व्हरांड्यात, आत हळदीचा मांडव. विचारायला गेल्यावर उत्तर मिळालं, "एका दिवसानं काय होतंय?" पंचवटीच्या त्या सासूबाईंचाच सूर, दुसऱ्या तोंडून. मग गुरुवारची बैठक कुणाच्या तरी ओट्यावर भरायला लागली.

तुमची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली आहे असं लिहिलंत. मग विश्वस्तांची यादी अद्ययावत आहे का ते आजच बघा. बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. निधन पावलेल्या अध्यक्षबाईंचं नाव सात वर्षं तसंच असलेली मंडळं मी पाहिलीत. देणगीदार दाराशी येतो, कागद मागतो आणि परत जातो.

पैशाचं थोडक्यात. इमारत ग्रामपंचायतीची असती तर राज्य आपत्ती निधीच्या निकषांत अंगणवाडी, समाजमंदिर, महिला मंडळाची इमारत यांची दुरुस्ती बसते. खासगी संस्थेच्या इमारतीला तो दरवाजा बंद आहे. जागा महापालिकेची असेल तर विभागीय कार्यालयात दुरुस्तीची मागणी करा, आणि महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीतून शिवणवर्ग-पाळणाघराचा खर्च मागा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडं सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी, जायचं तर कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आपत्तीनंतरचं पुनर्बांधणीचं काम आणि महिलांच्या सक्षमीकरणाचं काम दोन्ही बसतात. आयकर खात्याची १२ए नि ८०जी आणि कंपनी खात्याची सीएसआर-१ नोंदणी मात्र हवी. कंपनीला फोटोत दिसेल असं काही द्यायचं असतं, तुम्हाला हवं असतं चेंबरचं झाकण नि वायरिंग. यावर माझा तोडगा असा की अर्जात कामांची एकच यादी द्यायची आणि पाटी पाण्याच्या फिल्टरवर लावू म्हणायचं. फिल्टरसमोर फोटो छान येतो.

वस्तीकडूनही पैसे घ्या. घरटी वीस रुपये का होईना. पुरात सगळं गेलेल्या माणसांकडं पैसे मागायचे कसे, असं तुमच्या समितीतल्या कुणाला वाटेल. मागा. ज्यांना जमत नाही ते घमेलं उचलतील. ज्या घरानं वीस रुपये दिले, ते घर किल्ली कुणाकडं आहे हे विचारतं.

पुढच्या पुराची तयारी दुरुस्तीतच करून घ्या. नाशिककरांना पूर मोजायला सेन्सर लागत नाही, गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. त्याच्या गुडघ्याला पाणी, कमरेला, छातीला, डोक्यावरून गेलं. काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला लागलं म्हणजे महापूर. ४ ऑगस्ट २०१९ लाही सगळे फोनवर हेच विचारत होते, "मारुतीच्या कुठपर्यंत?" एका केंद्रात आम्ही दाराच्या मागं हेच लिहिलंय. कमरेला पाणी : मशीनची डोकी माळ्यावर, मुलं घरी. छातीला : रजिस्टरं, फायली, गॅस सिलिंडर बाहेर, मेन स्विच बंद. कुणी काय उचलायचं त्यांची नावं, आणि प्रत्येकीच्या नावापुढं दुसरीचं नाव, कारण पहिली माहेरी गेलेली असू शकते. तुम्ही नासर्डीवर आहात, तुमचं पाणी मारुतीच्या आधी वाढू शकतं. गंगापूर धरणाचा विसर्ग किती क्युसेक हे बातम्यांत येतं, तुमच्या नदीचं येत नाही. तेव्हा पुलाच्या खांबावर रंगाचे तीन पट्टे मारून घ्या आणि तिथं राहणाऱ्या एका कुटुंबाला फोनचं काम द्या. सहा फुटांवर भक्कम लोखंडी माळा आत्ताच टाका. गिलावा नंतर करता येतो, माळ्याचे खिळे ओल्या भिंतीत नका ठोकू, लोखंडी खांबांवर उभा करा.

मशीनबद्दल तुम्ही लिहिलंत की भंगारवाल्यानं आठही मशीनचा भाव केलाय. देऊ नका. मोटारीची असतील तर मोटार सोडवून रिवाइंडिंगवाल्याकडं टाका आणि तोवर प्लगला हात लावू नका. पण पायाच्या मशीनचं डोकं पुरानं सहसा मरत नाही, त्यानंतर वाट बघण्यानं मरतं. सुईखालची पट्टी काढा, शटल आणि बॉबिन केस बाहेर काढा, गाळ स्वच्छ पाण्यानं धुऊन लगेच पुसा. मग डोकं रॉकेलमध्ये रात्रभर भिजत ठेवा. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं, फक्त घराबाहेर आणि बिडी ओढणाऱ्यांपासून लांब. सकाळी जुन्या दातांच्या ब्रशनं घासून, प्रत्येक छिद्रात मशीनचं तेल सोडून चाक हातानं पुढं-मागं हलवत राहा. जोर लावू नका, तेलच वाट काढतं. तीन आठवडे झालेत, म्हणजे आठातली पाच तरी सुटावीत असा माझा अंदाज आहे. उद्या तीन वाजता ओट्यावर बसाल, तेव्हा हेच काम काढा.